जुना लाकडी स्टुडिओ कॅमेरा हाती आला तर: ओळख, दुरुस्ती आणि पहिला फोटो

माझ्याकडे आलेला पहिला लाकडी कॅमेरा मी स्वतःच्या हातानं बिघडवला. सांगली जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर तो होता, फुल प्लेट मापाचा, चाकांच्या स्टँडसकट. घरी आणला आणि त्याच रविवारी सँडपेपरनं घासून काढला. वर चकचकीत व्हार्निश मारलं, पितळ आरशासारखं केलं. दोनेक वर्षांनी एका वयस्कर फोटोग्राफरांनी तो पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तळफळीच्या आतल्या कडेला पेन्सिलीनं आकडा होता का हो?" होता. मला तो पुसट आठवत होता. कारखान्यात एकाच मापाचे बरेच कॅमेरे एकदम तयार व्हायचे, तेव्हा एकाचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून कारागीर प्रत्येक भागावर तो आकडा घालत. तो कॅमेरा ज्यांनी घडवला त्यांच्या हाताची तेवढीच खूण उरली होती आणि मी ती घासून टाकली होती.

म्हणून पहिली पायरी ही: काहीही पुसू नका. कॅमेरा आहे तसा उजेडात ठेवा आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पुढून, मागून, खालून, भाता (भिंग आणि पाठ जोडणारी घड्यांची पिशवी) उघडून आतून, प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक स्क्रू. धूळ असेल तर असू दे. प्लेट होल्डर (फोटोची काच, म्हणजे प्लेट, धरणारी चपटी चौकट), भिंग बसवायच्या पाट्या, सुटे पितळी तुकडे, पेटीत सापडलेली कागदाची चिटोरी सगळं एका पिशवीत भरा. सोबत काचेच्या निगेटिव्ह असतील तर त्यांचा खोका वेगळा, उभा ठेवा. काचा आडव्या रचल्या की खालच्या फुटतात.

कॅमेरा कुठल्या जातीचा

लाकडी कॅमेऱ्यांचे ढोबळ तीन प्रकार आपल्याकडे सापडतात. खरा स्टुडिओ कॅमेरा जड असतो, मिटून पेटी होत नाही, भाता चौकोनी आणि पुढून मागेपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीचा असतो. तो चाकांच्या स्टँडवर बसतो आणि मागे बहुधा सरकती पाठ असते, एकाच प्लेटवर दोन किंवा चार फोटो घेण्यासाठी. दुसरा फील्ड कॅमेरा. हा पुस्तकासारखा मिटतो, भाता पुढे निमुळता होत जातो. तिसरा टेलबोर्ड. यात पुढची बाजू पक्की असते, मागची पुढेमागे सरकते आणि मागची फळी वर दुमडते. लहान गावांतल्या स्टुडिओंत फील्ड कॅमेराच कायमचा स्टँडवर चढवून वापरलेला दिसतो. तेव्हा "स्टुडिओतून आला म्हणजे स्टुडिओ कॅमेरा" असं धरून चालू नका.

मग माप घ्या. मागची दुधी काच, जिच्यावर चित्र पाहून फोकस करतात, ती प्लेटपेक्षा थोडी मोठी असते, म्हणून प्लेट होल्डरच्या आतली खाच मिलिमीटरमध्ये मोजा. साधारण १६५ बाय २१६ भरलं तर इंग्लिश फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. १२१ बाय १६५ म्हणजे हाफ प्लेट, ८३ बाय १०८ म्हणजे क्वार्टर. १३० बाय १८० किंवा १८० बाय २४० आलं तर माप सेंटिमीटरचं, म्हणजे कॅमेरा बहुधा युरोपातला. १२७ बाय १७८ किंवा २०३ बाय २५४ आलं तर पाच बाय सात आणि आठ बाय दहा इंच, ही अमेरिकन मापं. नावाची पट्टी नसली तरी एवढ्या मोजणीवरून कॅमेरा कोणत्या मुलखातला याचा अंदाज येतो. पुढे कोणी पाठ बदललेली असू शकते, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

नाव कुणाचं, काम कुणाचं

इथे सर्वात जास्त फसगत होते. बाजारात विकणारा सांगतो, "साहेब, डॉलमेयरचा कॅमेरा आहे." तो भिंगावरचं नाव वाचत असतो. डॉलमेयर, रॉस, फॉइग्टलेंडर, टेलर-हॉब्सन ही नावं जवळजवळ नेहमी भिंग करणाऱ्यांची असतात. लाकडी पेटी दुसऱ्याच कारखान्यात झालेली असते. शिवाय पेटीवर जी हस्तिदंती किंवा पितळी पट्टी असते तिच्यावर अनेकदा दुकानदाराचं नाव असतं. कारखानदार बिननावाचे कॅमेरे पुरवत आणि विकणारा आपली पट्टी ठोकत असे. म्हणून पट्टी वाचा, पण निकाल लाकडावरून करा.

काही नावं ओळखीची असलेली बरी. थॉर्न्टन-पिकार्ड ही मँचेस्टरची कंपनी १८८८ सालची. पुढे तिचा कारखाना जवळच्या ऑल्ट्रिंचमला गेला. तिची खरी ओळख म्हणजे भिंगावर बसणारं रोलर-ब्लाइंड शटर. चौकोनी लाकडी डबी, आत रबर चढवलेल्या काळ्या कापडाचा पडदा आणि बाहेर लोंबणारी दोरी. हे शटर इतकं खपलं की दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांवरही सर्रास दिसतं, तेव्हा शटरवरून पेटीचा निर्माता ठरवू नका. बर्मिंगहॅमच्या 'लँकेस्टर अँड सन' या कंपनीचे कॅमेरे स्वस्त आणि भरपूर होते. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँडरसन यांनी १८९५ मध्ये पेटंट घेतलं. ते मुळात लाकूडकाम करणारे. भिंगाची पाटी धरणाऱ्या लांब, खाच पाडलेल्या पितळी पट्ट्या दोन्ही बाजूंना दिसल्या की तो सँडरसन. लंडनमध्ये १८८५ साली लुई गँडॉल्फी यांनी काम सुरू केलं आणि त्यांच्या मुलांनी ते १९८० च्या दशकापर्यंत हातानंच चालू ठेवलं. त्यांच्या कामातला सांधा बोटानं चाचपून पाहा, दोन लाकडं कुठे मिळतात ते नखाला लागत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला १९०० साली सेंच्युरी कॅमेरा कंपनी निघाली, ती लवकरच ईस्टमन कोडॅककडे गेली. तिचा सेंच्युरी स्टुडिओ कॅमेरा आणि त्याचा भारी, वर-खाली होणारा स्टँड म्हणजे स्टुडिओ कॅमेऱ्याचा नमुनाच.

उष्ण मुलखासाठी बनवलेले कॅमेरे वेगळे ओळखू येतात. सागवान, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या आणि सांध्यांत सरसाबरोबर स्क्रूसुद्धा, कारण आपल्या पावसाळी हवेत सरस नरम पडतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती आणि राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. इतक्या लवकर मागणी सुरू झाल्यामुळे विलायती लाकडी कॅमेरे इथे भरपूर आले आणि पुढच्या पिढ्यांनी ते दुरुस्त करत वापरले.

पण मला सर्वात जवळचं नाव केरळचं वाटतं: अलप्पुळ्याचा 'वागीश्वरी'. के. करुणाकरन यांच्या घरात वाद्यं बनवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम होतं. एका फोटोग्राफरचा भाता फाटला, तो दुरुस्तीला त्यांच्याकडे आला. हार्मोनियमचा भाता करणाऱ्या हातांना कॅमेऱ्याचा भाता अवघड गेला नाही आणि १९४० च्या दशकात त्यांनी पूर्ण कॅमेराच घडवला. पुढे देशभरच्या स्टुडिओंत ते कॅमेरे पोचले. वागीश्वरीची पट्टी दिसली तर विलायती नाही म्हणून नाक मुरडू नका. तो आपल्या हवेत, आपल्या लाकडात बनलेला आहे आणि बहुधा अजून काटकोनात उभा असतो.

नकलांबद्दल एवढंच. शोभेसाठी आज बनवलेले 'अँटिक' कॅमेरे भरपूर विकले जातात. भात्यातून आत पाहा. आरपार पोकळी नसेल, मागे प्लेट होल्डर सरकवायची जागाच नसेल, भिंगाच्या जागी साधी काच असेल तर तो दिवाणखान्यातला दागिना आहे. चौफुलीचे स्क्रू हे १९३० च्या दशकानंतरचं काम. जुन्या पेटीत ते दिसले तर निदान दुरुस्ती नंतरची आहे.

भिंग वाचायला शिका

पेटीपेक्षा भिंगाची किंमत अनेकदा जास्त असते. पितळी नळीच्या वरच्या बाजूला एक अरुंद फट असेल तर तिच्यात भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या घालून उजेड कमी-जास्त करत. ही रीत जॉन वॉटरहाउस यांनी १८५८ मध्ये काढली, म्हणून फट मुळातली असेल तर भिंग त्यानंतरचं. फिरवायची कडी आणि आत पाकळ्या असतील तर बहुधा १८९० च्या आसपासचं किंवा नंतरचं.

आतली रचना न उघडता कळते. खोलीत अंधार करा, एक लहान दिवा भिंगासमोर धरा आणि काचांत दिसणारी प्रतिबिंबं मोजा. हवेला लागलेल्या प्रत्येक पृष्ठाचं प्रतिबिंब ठळक, चिकटवलेल्या सांध्याचं अगदी फिकं. पुढच्या गटात दोन ठळक, एक फिकं आणि मागच्या गटात चार ठळक दिसली तर ते पेट्झवाल पद्धतीचं पोर्ट्रेट भिंग. योसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये मांडलेली ही रचना व्यक्तिचित्रांसाठी कित्येक दशकं वापरात होती. चेहरा धारदार आणि कडांकडे सगळं भोवऱ्यासारखं विरघळत जाणारं, अशी आजोबा-पणजोबांची चित्रं घरात असतील तर ती बऱ्याचदा याच जातीच्या भिंगाची. पुढच्या दोन सुट्या काचांची चार ठळक आणि मागे दोन ठळक, एक फिकं असेल तर टेसर पद्धत, १९०२ ची.

भिंग उघडायची वेळ आलीच तर प्रत्येक काचेच्या घासलेल्या कडेवर मऊ पेन्सिलीनं बाण काढा, टोक फोटो काढायच्या वस्तूकडे. पेट्झवालच्या मागच्या दोन सुट्या काचा उलट बसवलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. मालक म्हणतो भिंग मेलं, प्रत्यक्षात फक्त एक काच पालथी असते. बुरशी असेल तर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब भिंगाच्या कागदावर घेऊन हलक्या हातानं फिरवा. काचेत खाऊन गेलेला डाग राहणार, तो घासू नका. फोटोत तो फारसा दिसत नाही.

कडीवरचे आकडे वाचताना सावध. काही जुन्या भिंगांवर १८८१ साली सुचवलेली 'युनिफॉर्म सिस्टिम' असते. आपल्या नेहमीच्या एफ/ आकड्यांत आकडा जितका मोठा तितकं भिंगाचं भोक लहान. तिच्यातला १६ म्हणजे आपला एफ/१६च, पण ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११ आणि ६४ म्हणजे एफ/३२. आकडे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे दुपटीनं चढत असतील तर ही पद्धत समजा.

लाकूड, पितळ आणि भाता

आता हात लावायला हरकत नाही. रुंद मऊ ब्रशनं धूळ झाडा, भात्याच्या घड्यांतली सुद्धा. मग लाकडावर कोणतं पॉलिश आहे ते तपासा. स्टँडच्या टाचेला, जिथे दिसत नाही तिथे, कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक ठिपका लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा लाखेचं मूळ फ्रेंच पॉलिश शाबूत आहे आणि यापुढे स्पिरिट त्याच्या जवळपासही नेऊ नका. मळ काढायला टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर केलेलं सुती फडकं पुरतं. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात आणि कोरड्या फडक्यानं चोळणं. काळे पडलेले कोपरे, बोटांनी झिजलेल्या जागा तशाच राहू द्या. फोटोग्राफरचा अंगठा चाळीस वर्षं जिथे टेकला ती जागा मला नव्या पॉलिशपेक्षा मोलाची वाटते.

पितळावर मुळात पारदर्शक सोनेरी लॅकर असतं. पॉलिशची पेस्ट ते काढून टाकते आणि तिची पांढरी पूड लाकडाच्या रंध्रांत कायमची बसते. कोरडं फडकं, फार झालं तर मेण. सरकणाऱ्या खाचांत आणि दातेरी पट्ट्यांत तेल घालू नका, तेलावर धूळ बसून कानस तयार होते. खाचांना मेणबत्ती घासा. सैल सांधा असेल तर जुना सरस गरम पाण्याच्या वाफेनं सोडवून पुन्हा सरसच लावा. आधुनिक पांढरा डिंक लावला की पुढच्या माणसाला तो सांधा लाकूड न फोडता उघडता येत नाही. स्क्रू काढताना पेचकसाचं पातं खाचेत गच्च बसलं पाहिजे. नाही बसलं तर पातं कानशीनं घासून जुळवा, घाई करू नका.

भात्याची तपासणी रात्री करा. भाता पूर्ण ताणा, आत छोटी एलईडी बॅटरी ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि पाच मिनिटं डोळे स्थिरावू द्या. भोकं चांदण्यांसारखी दिसतात, बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांवर. प्रत्येकावर खडूची खूण करा. बारीक भोकांना कापडाच्या लवचिक गोंदात काळा रंग मिसळून आतून दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळेपर्यंत भाता ताणलेलाच ठेवा. नंतर टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात.

भाता पार फाटला असेल तर तो घेऊन हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे जा. करुणाकरनांच्या घराला जे साधलं ते आपल्याकडच्या कारागिरांनाही साधतं. माझा दुसरा भाता एका हार्मोनियमवाल्या काकांनीच केला. त्यांनी जुना भाता चाचपला, कोपऱ्याची घडी उलगडली आणि म्हणाले, "पेटीला हवा कोंडायची असते, तुला उजेड कोंडायचाय, एवढाच फरक." त्यांना तीन गोष्टी नीट सांगा. बाहेरून पातळ चामडं किंवा पातळ रेक्झिन, आतून काळं न चमकणारं कापड, मधे पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि कोपऱ्यांवर पुठ्ठा नको. हिशोब असा: ताणल्यावर सहाशे मिलिमीटर लांबी हवी असेल तर पाव भाग जास्त धरून साडेसातशे. एक पट्टी वीस मिलिमीटरची असेल तर सुमारे अडतीस पट्ट्या. मिटल्यावर या सगळ्यांची जाडी पेटीत मावते का, हे कापड कापण्याआधी एक नमुना दुमडून पाहा. जुना भाता फेकू नका, तोच मापाचा कागद.

दुधी काच फुटली असेल तर घरी होते. दोन मिलिमीटरची साधी काच, ४०० आणि मग ६०० नंबरची कार्बोरंडम पूड, थोडं पाणी आणि वरून दुसरी लहान काच घेऊन गोल गोल घासत राहायचं. घासलेली बाजू भिंगाकडे. मग सर्वात महत्त्वाची तपासणी: पाठीच्या चौकटीपासून दुधी काचेचा घासलेला पृष्ठभाग जितका खोल आहे, तितकंच खोल होल्डरमध्ये प्लेटचं तोंड असलं पाहिजे. अर्धा मिलिमीटर फरक पडला की भिंग उघडं ठेवून घेतलेला प्रत्येक फोटो धूसर येतो आणि माणूस बिचाऱ्या भिंगाला दोष देतो.

पहिला फोटो

जुन्या होल्डरांत काचेची प्लेट बसते, फिल्म नाही. म्हणून प्लेटच्या मापाची काच कापून घ्या आणि तिच्या पुढच्या बाजूला फोटो पेपर किंवा फिल्म कडांवर पातळ टेपनं चिकटवा. सुरुवात पेपरनं करा. कृष्णधवल फोटो पेपर लाल दिव्यात हाताळता येतो, चूक झाली तर डोळ्यांसमोर दिसते. हात बसला की एक्स-रे फिल्म. आठ बाय दहा, दहा बाय बारा अशा मापांत ती येते आणि लाल दिव्यात कापता येते. दोन्ही बाजूंना रसायन असल्यानं ती चटकन ओरखडते, तेव्हा ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच धुवा. लाल रंग तिला दिसत नसल्यानं ओठ आणि सावळी कातडी गडद येते. जुन्या चित्रांचा तो चेहरा इथूनच येतो.

उजेडाचा हिशोब एकदा कागदावर करा. पेपरची गती, म्हणजे उजेड किती चटकन टिपतो ते, साधारण आयएसओ ६ धरा. कडक उन्हात एफ/१६ ला एक षष्ठांश सेकंद. उघड्या सावलीत त्याच्या आठपट, म्हणजे सव्वा सेकंदाच्या वर. आता भात्याचा भार, कारण भाता जितका ताणाल तितका उजेड कमी पोचतो. भिंग ३०० मिलिमीटरचं आहे आणि चेहऱ्यासाठी भाता ४०० पर्यंत ताणलाय, तर ४०० भागिले ३०० चा वर्ग, जवळजवळ पावणेदोन. दोन्ही गुणले की सव्वादोन ते अडीच सेकंद. शटर नसलं तरी अडत नाही. भिंगावरचं झाकण हीच शटरची जागा. झाकण काढायचं, मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं, पुन्हा लावायचं. समोरच्याला खुर्चीला पाठ टेकवून बसवा आणि डोकं भिंतीला हलकं टेकू द्या.

क्रम चुकवू नका. काळ्या कापडाखाली जाऊन भिंग पूर्ण उघडं ठेवून डोळ्यांवर फोकस करा. चित्र उलटं दिसेल, सवय होते. भिंग एफ/१६ ला आणा, झाकण लावा. मग होल्डर सरकवा, प्लेट झाकणारी त्याची पाटी ओढा, क्षणभर थांबून स्टँड स्थिर होऊ द्या, आणि मगच झाकण काढा. पाटी परत घातल्याशिवाय होल्डर हलवू नका. माझ्या पहिल्या चार निगेटिव्हमध्ये दोन याच चुकीनं काळ्याकुट्ट निघाल्या.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवू नका, कोकणात तर मुळीच नाही. सुती कापडाखाली, भिंतीपासून हातभर लांब, भाता थोडा उघडा. भिंग वेगळं काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. दर पंधरा दिवसांनी भाता एकदा ताणून मिटा आणि खाचांत, सांध्यांत पिवळी बारीक पूड पडलेली दिसते का पाहा. दिसली तर लाकडात कीड आहे. तो कॅमेरा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा.

आणि एका कागदावर लिहून ठेवा: भाता कुणी, केव्हा केला, दुधी काच नवी आहे, कोणते दोन स्क्रू मुळातले नाहीत, तळफळीवरचा पेन्सिलीचा आकडा काय आहे. तो कागद घडी करून होल्डरांच्या पिशवीत टाका.